केबिनमधली चादर

वैरागच्या माणसाला सोलापूरचं अप्रूप नाही. मोठा दवाखाना, लग्नाचा बस्ता, कसला तरी दाखला, सगळ्याला आम्ही सोलापूरलाच जातो आणि संध्याकाळी घरी येऊन ‘लई दगदग झाली’ म्हणत पाय पसरतो. त्यामुळे इतिहासाच्या धर्मपाल सरांनी जेव्हा वर्गात जाहीर केलं की यंदाची सहल सोलापूरला, तीही मुक्कामाची, तेव्हा मागच्या बाकावरून अमृत म्हणाला, “सर, येताना माझ्या आईचा रक्ताचा रिपोर्ट पण घेऊ का?”

सर हसले नाहीत. ते म्हणाले, “तुम्ही सोलापूर दवाखान्याच्या खिडकीतून बघितलंय. एकदा शहर म्हणून बघा. किल्ला आहे, तळं आहे, गिरण्या आहेत. हंपीला जाऊन फोटो काढण्यापेक्षा हे बरं.”

मला ते काही बरं वाटलं नाही. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला माणूस हंपीला जातो, सोलापूरला नाही, असं माझं स्वच्छ मत होतं आणि मी ते शेजारी बसलेल्या आरजूला सांगायला वळले. तर तिनं बाकाखाली माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी रुतली. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सोलापुरात साबेराआपा होती.

आरजूचे वडील शेखलालचाचा. त्यांचा स्वतःचा ट्रक आहे, आणि त्याच्या फेऱ्या बहुतेक सोलापूरच्याच. गौस त्यांच्याकडे क्लीनर होता, आणि चांगला होता, हे चाचाच सगळ्यांना सांगायचे. चाचांनी साबेराआपाचं लग्न करमाळ्याला ठरवलं. तिनं एकदा नको म्हणून सांगितलं, दोनदा सांगितलं, आणि मग एका सकाळी चाचांची थोरली लेकही घरात नव्हती आणि क्लीनरही नव्हता. दोघांनी सोलापुरात निकाह केला. वैरागमध्ये लोक चावडीवर बसून यावर हसायचे, पण चाचांसमोर कुणी हसलं नाही. चाचांनी घरात एकच सांगितलं की ते नाव पुन्हा काढायचं नाही. तेव्हापासून त्यांनी दुसरा क्लीनर ठेवला नाही.

आरजूकडे स्वतःचा फोन नाही. म्हणून आपाचे निरोप माझ्या फोनवर यायचे, तेही गौसभाईंच्या फोनवरून. पावसाळ्यात आपाला मुलगी झाली, जोया. तिचे फोटो मी कॉलेजच्या जिन्याखाली आरजूला दाखवायचे आणि ती बोटानं ते मोठे मोठे करत बसायची. बाळाचं चाचांना सांगायची छाती घरात कुणाचीच नव्हती. अम्मीचीसुद्धा नाही.

आता ते ट्रकचं सांगते, कारण ते माहीत नसलं तर पुढचं कळायचं नाही. चाचांचं घर अरुंद बोळात आहे. ट्रक तिथं उलटाच घालावा लागतो. मागं कुणीतरी उभं राहून ट्रकच्या अंगावर थाप मारत सांगावं लागतं. पोकळ पंजानं दोन थापा म्हणजे येऊ द्या. एकच जोराची थाप म्हणजे बास. हे सगळ्याच ट्रकवाल्यांत चालतं. पण या घरात त्याच्यापुढं आणखी एक गोष्ट होती. साबेराआपा लहान असल्यापासून गाडी थांबली की बोटाच्या सांध्यानं पत्र्यावर टकटक, टक असं करायची. म्हणजे जेवण तयार आहे, उतरा. चाचा आतून हॉर्नचा इवलासा आवाज काढायचे आणि मग उतरायचे. शेजारपाजाऱ्यांना सवय होती. आपा गेल्यापासून ती टकटक बंद झाली. थापा आरजू मारते, पण ते शेवटचं ती करत नाही. चाचा इंजिन बंद करतात आणि थोडा वेळ तसेच केबिनमध्ये बसून राहतात.

सहलीच्या सकाळी स्टँडवर हुडहुडी भरली होती. सगळ्यांच्या तोंडातून वाफा निघत होत्या. एसटीची लाल गाडी उभी होती आणि ड्रायव्हर येडूमामा, वळसंगचे, कानटोपी घालून टायरला लाथ मारून बघत होते. तेवढ्यात शेखलालचाचा आले. त्यांच्या काखेत चादर होती. सोलापुरी चादर, लाल-हिरवी, मोरांची, घडी करून सुतळीनं बांधलेली.

पोरांनी लगेच टोपी उडवायला घेतली. सोलापूरला चादर घेऊन कोण जातं? आमच्यातल्या एकानंही अंथरूण-पांघरूण घेतलं नव्हतं, कारण चादरींच्या गावाला मुक्कामाला चाललोय, तिथं पांघरूण मिळणार नाही असं कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. अमृत म्हणाला, “चाचा, तिकडं ढिगानं पडल्यात की चादरी.”

“पडू दे,” चाचा म्हणाले. “थंडी लई हाय. ने.” आणि ते चादर आरजूच्या हातात देऊन मागं न बघता गेले.

आरजू खिडकीपाशी बसली आणि ती चादर मांडीवर घेऊन सुतळीची गाठ चाळवत राहिली. मग म्हणाली, “ही केबिनमधली आहे. सीटच्या मागची.”

मला ती चादर माहीत होती. चाचा रस्त्यात गाडी लावून झोपतात ते तीच पांघरून. तिचा एक कोपरा स्टोव्हवर भाजून काळा झालेला होता. ती घरात कधी येत नसे, अम्मीनं धुवायला मागितली तरी चाचा देत नसत. आता तिला साबणाचा वास येत होता आणि त्याच्या खालून डिझेलचा.

“तुझ्यावर जीव आहे त्यांचा,” मी म्हणाले.

“मग स्वतः काय पांघरणार?” ती म्हणाली, आणि खिडकीकडे तोंड केलं.

सोलापूर त्या दिवशी मला खरंच वेगळं दिसलं, हे कबूल करायला मला आवडत नाही, पण दिसलं. दवाखान्याची घाई नव्हती म्हणून असेल. दुपारी बंद पडलेल्या गिरणीची चिमणी बघितली. संध्याकाळी सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी बसलो. पाण्याच्या मधोमध देऊळ, पाण्यावरून येणारं गार वारं, कुठून कुठून आलेले पांढरे पक्षी. दिवे लागले तसं देवळाचं दुसरं देऊळ पाण्यात तयार झालं आणि हळूहळू हलायला लागलं. सर काहीतरी शतकांबद्दल सांगत होते. मी ऐकत नव्हते. मला वाटत होतं की आपण पाण्यातल्या त्या देवळातच जाऊन बसावं आणि परत वैरागला जाऊच नये. असं काही मला सहसा वाटत नाही.

सहलीचं आम्ही गौसभाईंना आधीच कळवलं होतं, आणि तिथंच माझ्या फोनवर त्यांचा निरोप आला. “साबेरा उद्या सकाळी बाळाला घेऊन किल्ल्याच्या दरवाजासमोर थांबेल. मी पहाटेच टेम्पो घेऊन जाणार, फोन माझ्याकडे, म्हणून फोन करू नका, तिला बघा.” आरजूनं ते वाचलं, परत वाचलं, आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं.

“चैताली, कुणाला कळायला नको हं,” ती म्हणाली. “गाडीत सगळं वैराग बसलंय.”

ते खरं होतं. अमृतची आत्या चाचांच्या बोळातच राहते. एकानं बघितलं असतं तर आमची गाडी पोचायच्या आधी बातमी पोचली असती, आणि मग आरजूचं कॉलेजच बंद झालं असतं अशी तिला भीती होती. मलाही होती.

मुक्कामाच्या हॉलमध्ये सतरंज्या होत्या आणि पांघरूण म्हणून काहीच नव्हतं. मुली ओढण्या, स्वेटर, पिशव्या अंगावर घेऊन एकमेकींना चिकटल्या. आम्ही दोघी त्या चादरीत गेलो. मला झोप लागताना वाटलं की आपण ट्रकमध्ये आहोत आणि ट्रक हळूहळू कुठंतरी चाललाय.

सकाळी उठून दार उघडलं तर बाहेर सोलापूर नव्हतं.

म्हणजे होतं, पण दिसत नव्हतं. इतकं धुकं मी आयुष्यात बघितलं नव्हतं. अंगणातली लाल गाडी सायीसारख्या पांढऱ्यात बुडाली होती. काल बघितलेली चिमणी वर अर्धीच होती, तिला खाली जमीनच नव्हती. एक सायकल आली, तिची घंटा आधी आली, मग माणूस, आणि मग दोन्ही परत विरघळून गेलं. मुली दारात उभ्या राहून हळू आवाजात बोलत होत्या.

सर बाहेर आले, इकडंतिकडं बघितलं आणि म्हणाले, “आता किल्ला काय दिसणार? राहू दे. थेट अक्कलकोटला निघू.”

आरजूनं हातातला चहाचा कप खाली ठेवला. ती काही बोलणार नाही हे मला माहीत होतं, ती मोठ्यांपुढं बोलत नाही. मग मीच पुढं झाले. मला बोलायला कधीच अडचण येत नाही.

“सर, दोन दिवस आलोय ते किल्ल्यासाठी. आत नका नेऊ. दरवाजा तरी दाखवा. परत दवाखान्यालाच यायचं आहे आम्हाला, तेव्हा कोण बघतंय?”

सरांनी माझ्याकडे असं बघितलं की आता पेपरात मार्क जाणार. मग त्यांचंच मन विरघळलं असावं, कारण ते किल्ल्यावर फार जीव असलेले गृहस्थ आहेत. “बरं,” ते म्हणाले, “गाडी तिकडून घेऊ. वेळ मिळाला तर पाच मिनिटं.”

येडूमामा काचेला नाक लावून गाडी चालवत होते. रस्त्यात माणसं अशी उगवायची की जणू आत्ताच तयार झाली. कुठंतरी भट्टीचा, ओल्या राखेचा वास होता. एका वळणावर मामा जरा आधीच वळले आणि आम्ही एका अरुंद गल्लीत शिरलो. एका बाजूला जुनी दगडी भिंत, किल्ल्याचीच असावी, वर कुठं संपते ते दिसत नव्हतं. पुढं मातीचा ढिगारा आणि दुसऱ्या कडेला खणलेली चारी. मामांनी कचकन ब्रेक लावला.

“हितनं पुढं रस्ता न्हाय,” ते म्हणाले. “मागं घ्यावी लागंल.”

“घ्या मागं,” सर घड्याळ बघत म्हणाले. “आणि मग अक्कलकोट. फार उशीर झाला. किल्ला पुन्हा कधीतरी.”

मी आरजूकडे बघायचं टाळलं. मला धुक्याचा, सरांचा, मामांचा, सगळ्यांचा राग आला. भिंतीच्या कुठल्यातरी बाजूला एक बाई बाळाला घेऊन उभी होती आणि आम्ही माघारी फिरणार होतो.

मागं घ्यायला पोरं उतरली. चारपाचजण एकदम ओरडायला लागले. एक म्हणे येऊ द्या, दुसरा म्हणे थांबा, तिसरा म्हणे डावीकडं, कुणाची डावी ते कळेना. गाडीचं मागचं चाक चारीच्या काठावर गेलं आणि माती खाली घसरली. मामा भडकले. “गपा रं सगळी! ह्यातल्या येकाला तरी कळतंय का गाडी कशी घ्यायची?”

“मला येतं,” आरजू म्हणाली.

ती उठली, खाली उतरली आणि धुक्यात गेली. मी तिच्यामागं गेले. तिनं पोरांना बाजूला केलं, गाडीच्या मागच्या कोपऱ्यापाशी उभी राहिली आणि पोकळ पंजानं पत्र्यावर दोन थापा मारल्या. मामांनी क्षणभर वाट बघितली, मग गाडी हलली. दोन थापा. दोन थापा. ती गाडीबरोबर मागं मागं चालत होती, एक हात पत्र्यावर ठेवून, जसं जनावराच्या अंगावर ठेवतात. तिचा चेहरा शांत होता. धुक्यात तो थापांचा आवाज मोठा होऊन भिंतीवरून परत येत होता, आणि मला वाटलं की आम्ही सोलापुरात नाहीच, वैरागच्या बोळात आहोत, आणि आतून आता जेवणाचा वास येईल.

गल्लीच्या तोंडाशी एक जोराची थाप. गाडी थांबली.

आरजू तशीच उभी राहिली. तिला हाक मारता येत नव्हती, नाव घेता येत नव्हतं, कारण गाडीच्या खिडक्यांतून सगळं वैराग डोकं बाहेर काढून बसलं होतं. तिनं माझ्याकडे बघितलं. मग तिनं बोटं मिटली आणि सांध्यानं पत्र्यावर केलं. टकटक, टक.

काही झालं नाही. एक कुत्रं खाकरल्यासारखं भुंकलं आणि गप्प झालं.

तिनं परत केलं. टकटक, टक.

आणि मग धुक्यातून, पलीकडून, रस्त्याच्या कुठल्यातरी बाजूनं, कुणीतरी दुसऱ्याच कसल्यातरी पत्र्यावर तसंच केलं.

आरजू एकदम पळाली. मी मागं. चार पावलांवर एक बंद चहाचा गाडा दिसायला लागला, आणि गाड्याच्या पत्र्यावर हात ठेवलेली, बुरख्यावर पुरुषाचा स्वेटर घातलेली साबेराआपा. खांद्यावर बाळ, एका पातळ टॉवेलात गुंडाळलेलं.

“आरजू? तूच है क्या गे?” ती म्हणाली.

आरजू सरळ जाऊन तिच्या गळ्यात पडली आणि मधे सापडलेलं बाळ रडायला लागलं, तेव्हा कुठं दोघी हसल्या.

मागून सरांचा आवाज ऐकू आला. “अरे, हाच तर दरवाजा! बघा, समोरच निघाला. उतरा सगळे, पाच मिनिटं!” आम्हाला मुलांच्या चपलांचा आवाज आमच्याकडून लांब जाताना ऐकू आला. धुकं आमच्यावर पडद्यासारखं होतं. त्या सकाळचा माझा सगळा राग गेला.

“चैताली,” आरजू म्हणाली, “माझी पिशवी आण.”

मी पळत जाऊन आणली. तिनं चादर काढली, सुतळी दातानं सोडली आणि आपाच्या खांद्यावरून, बाळाच्या डोक्यावरून, सगळ्या बाजूनं ती लपेटली. बाळ रडायचं थांबलं. साबेराआपानं चादरीचा काठ हातात धरला आणि तिला तो भाजलेला कोपरा लागला. तिनं तो बोटांनी चाचपला. मग नाकाशी नेला.

“ये गाडी की है ना?”

“हौ. अब्बा दिये.”

“मेरेकू?” आपानं इतक्या हळू विचारलं की मला ते ओठांवरून कळलं.

आरजूनं मान हलवली. “नै आपा. मेरेकू दिये, ठंड है बोलके. उनको कुछ मालूम नै.”

आपाचे डोळे भरले, पण तिनं ते गळू दिले नाहीत. ती चादर काढायला लागली. “तो नक्को. ये बिना उनको नींद नै आती. तेरेकू डांटते.”

“डांटने दे,” आरजू म्हणाली. मी तिला असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. तिनं आपाचे हात धरून चादर परत घट्ट केली. जोया मोरांमधून डोळे उघडून बघत होती. तिला भुवया चाचांच्या होत्या, जाड, मधे जुळलेल्या. ते मी बोलून दाखवलं आणि मग बोलायला नको होतं असं वाटलं, कारण आपानं तोंड फिरवलं.

पाच मिनिटं किती असतात? हॉर्न वाजला. आरजू बाळाच्या कपाळाला ओठ लावून उभी होती, मी तिला ओढून आणलं. खिडकीतून मागं बघितलं तर गाडा नव्हता, रस्ता नव्हता, काहीच नव्हतं. नुसतं पांढरं होतं, आणि त्यात थोडा वेळ लाल-हिरवं काहीतरी दिसत राहिलं.

अक्कलकोट झालं, जेवण झालं, ऊन पडलं, पोरं गाणी म्हणत होती. आरजू दिवसभर आनंदात होती आणि दिवस कलला तसतशी गप्प होत गेली. वैराग जवळ आलं तेव्हा तिनं विचारलं, “काय सांगू?”

“हरवली म्हण.”

“हरवली तरी मारतील.”

“चोरीला गेली म्हण. सोलापुरात चादर चोरीला गेली, कोण मानणार नाही?”

ती हसली नाही. खोटं बोलणं तिला जमत नाही, आणि हे तर चाचांशी होतं.

चाचा स्टँडवर ट्रक घेऊन आले होते. दिवस नुकताच मावळला होता. आम्ही दोघी केबिनमध्ये चढलो. मी मधे, आरजू खिडकीला. सीटच्या मागं चादरीच्या जागी खताचं रिकामं पोतं घडी करून ठेवलेलं होतं. चाचांनी आरजूच्या पिशवीकडे बघितलं. पिशवी चपटी झाली होती. त्यांनी गिअर टाकला.

बोळाच्या तोंडाशी आरजू उतरली, मीही उतरले. दोन थापा, ट्रक उलटा आत यायला लागला. दोन थापा. तिच्या हाताला जोर नव्हता. दारापाशी एक थाप. ट्रक थांबला, इंजिन बंद झालं, आणि चाचा नेहमीसारखे बसून राहिले.

आरजू दरवाजापाशी गेली. मी तिच्या मागं उभी होते, तिचा श्वास मला ऐकू येत होता. तिनं हात वर केला आणि पत्र्यावर केलं. टकटक, टक.

घरातून अम्मी दारात आली. समोरच्या घरातली भांडी वाजायची थांबली. आत केबिनमध्ये चाचा हलले नाहीत, हॉर्नही वाजला नाही. मला वाटलं, संपलं आता. आरजूचं कॉलेज, आमचा जिन्याखालचा फोन, सगळं संपलं.

मग काच खाली झाली. मी असले की चाचा मराठीत बोलतात. अंधारात त्यांचा चेहरा दिसत नव्हता. त्यांनी घसा साफ केला.

“मायलेकींना पुरली का गं चादर?”

आरजूनं नुसती मान हलवली, मग त्यांना ते दिसणार नाही हे लक्षात येऊन म्हणाली, “पुरली, अब्बा.”

चाचांनी हॉर्नचा इवलासा आवाज काढला आणि ते जेवायला खाली उतरले.